हॅलेच्या धूमकेतूचा माग : गणित आणि वेध

धूमकेतूचा माग काढणे म्हणजे आकाशातल्या एका धूसर ठिपक्याचे स्थान पुन्हा पुन्हा मोजणे आणि त्या मोजमापांवरून तो पुढे कुठे असेल हे सांगणे. पहिले काम दुर्बिणीपाशी होते, दुसरे गणिताने. गणिताने सांगितलेली जागा आणि दुर्बिणीत सापडलेली जागा यांत जवळपास नेहमी थोडा फरक उरतो. धूमकेतूविषयी जे मोलाचे कळले, त्यातले पुष्कळसे या उरलेल्या फरकातून कळले. हॅलेच्या धूमकेतूच्या १७५९, १८३५, १९१० आणि १९८६ या चार फेऱ्यांत ते काम ज्यांनी केले, त्यांच्या अनुभवात हे स्पष्ट दिसते.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत सांगून ठेवले होते की केतूंचे, म्हणजे धूमकेतूंचे, उदयास्त गणिताने कळू शकत नाहीत. ग्रहांची गोष्ट वेगळी होती. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी स्वतः वेध घेऊन ग्रहांची जुनी गणिते ताडून पाहिली, आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२०च्या सुमारास ‘ग्रहलाघवा’त वेधांशी जुळेल असे गणित दिले. गणित आकाशाशी जुळेना तर गणित दुरुस्त करायचे, हा दृक्प्रत्ययाचा आग्रह आपल्याकडच्या चांगल्या पंचांगकर्त्यांत जुना आहे. धूमकेतूंना तो लावायचा, तर त्यांनाही ठरलेली कक्षा असते हे आधी कळायला हवे होते. ते कळायला न्यूटनचे गुरुत्वाकर्षण यावे लागले.

कक्षा सहा संख्यांनी ठरते. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळून कधी जाणार, तेव्हा अंतर किती असणार, कक्षा किती लांबट आहे, आणि पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी ती कशी कललेली आहे हे सांगणारे तीन कोन. एका वेधातून आकाशातली जागा सांगणाऱ्या विषुवांश आणि क्रांती अशा दोनच संख्या मिळतात, म्हणून निदान तीन वेगळ्या दिवसांचे वेध लागतात. खरी अडचण अशी की वेधातून दिशा कळते, अंतर कळत नाही. त्यातून पाहणारा ज्या पृथ्वीवर उभा आहे तीही सरकत असते. न्यूटनने १६८०च्या मोठ्या धूमकेतूसाठी कक्षा अन्वस्त धरून ही अडचण आलेखाने सोडवली. सूर्याजवळच्या छोट्या तुकड्यात अतिलांबट विवृत्त आणि अन्वस्त यांच्यात फारसा भेद दिसत नाही, त्यामुळे ही सोय चालून जाते. मात्र अन्वस्ताचे तोंड उघडे असते. ते मिटत नाही, आणि म्हणून धूमकेतू परत कधी येणार हे त्या गणितातून निघू शकत नाही.

एडमंड हॅलेने याच पद्धतीने २४ धूमकेतूंच्या कक्षा काढून १७०५ मध्ये त्यांचा तक्ता छापला. त्यातल्या तीन ओळी विलक्षण सारख्या होत्या. १५३१चे वेध पीटर आपियानचे होते, १६०७चे केप्लरचे, आणि १६८२चा धूमकेतू हॅलेने स्वतः पाहिला होता. तिघांच्या कक्षेचा कल १७ ते १८ अंश, सूर्यापासूनचे किमान अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.५७ ते ०.५९ पट, आणि तिघेही ग्रहांच्या उलट दिशेने फिरणारे. धूमकेतू एकच असावा, असे हॅलेने अनुमान केले. पण पहिल्या दोन खेपांत ७६ वर्षांहून थोडा जास्त काळ गेला होता आणि पुढच्या दोन खेपांत ७५ वर्षांहूनही थोडा कमी. सव्वा वर्षाची ही तफावत त्याने गुरूच्या ओढीवर ठेवली. पुढची खेप १७५८च्या अखेरीस किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत होईल असे सांगून तो १७४२ मध्ये वारला.

वर्ष सांगणे एक आणि तारीख सांगणे वेगळे. तारखेसाठी गुरू आणि शनी यांनी धूमकेतूला वाटेत कुठे किती ओढले हे मोजावे लागते, आणि तीन वस्तूंच्या परस्पर ओढीचे उत्तर एका सुटसुटीत सूत्रात मिळत नाही. पायरीपायरीने जावे लागते. पॅरिसमध्ये अलेक्सी क्लेरो याने त्यासाठी पद्धत बसवली, आणि प्रत्यक्ष आकडेमोड जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत यांनी अंगावर घेतली. १७५७च्या जूनमध्ये काम सुरू झाले. दीडशे वर्षांच्या दोन फेऱ्या घ्यायच्या, कक्षेचा एकेक अंश पुढे सरकायचे, प्रत्येक अंशाला गुरू कुठे होता, शनी कुठे होता, धूमकेतूपासून दोघे किती दूर होते आणि त्यांच्या ओढीने त्याची चाल किती बदलली हे काढायचे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर उभी असल्यामुळे एक बेरीज चुकली की पुढचे सारे बिघडणार, म्हणून तपासणीही सोबतच चालली होती. लालांदने पुढे लिहिले आहे की सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवायला बसल्यावरही, आकडेमोड चालू असे, आणि त्या श्रमातून जडलेल्या दुखण्याने त्याची प्रकृती कायमची बदलली. लपोत नसत्या तर हे काम हाती घेण्याचे धाडसच झाले नसते, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

या कामाला मुदत होती, आणि ती आकाशाने घालून दिलेली होती. गणित पुरे होण्याआधी धूमकेतू कुणाच्या दुर्बिणीत आला असता, तर भाकिताला अर्थच उरला नसता. म्हणून शेवटी शेवटी काही बारीक पदे सोडून द्यावी लागली. १४ नोव्हेंबर १७५८ रोजी क्लेरोने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निकाल वाचला. धूमकेतूला मागच्या फेरीपेक्षा ६१८ दिवस जास्त लागतील, त्यांतले ५१८ गुरूमुळे आणि १०० शनीमुळे. तो एप्रिल १७५९च्या मध्यास उपसूर्य बिंदूवर, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ, येईल. आणि यात एखाद्या महिन्याची चूक असू शकेल. आपले गणित किती दिवसांपर्यंत खरे मानावे हे क्लेरोने आधीच सांगितले, ही त्या निवेदनातली सर्वांत मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. १७६०च्या आपल्या ग्रंथात मात्र त्याने लपोत यांच्या श्रमाचा उल्लेख टाळला. हा अन्याय होता. त्यांचे नाव आज माहीत आहे ते लालांदने लिहून ठेवल्यामुळे.

तिकडे दुर्बिणीपाशी शार्ल मेसिए बसला होता. त्याचे वरिष्ठ डेलिल यांनी धूमकेतू आधी कुठे दिसेल याचा नकाशा काढून दिला होता, आणि त्या नकाशातल्या पट्ट्यात मेसिए निरभ्र रात्री दीड वर्ष शोधत राहिला. नकाशाच चुकीचा होता. उपसूर्य बिंदूची तारीख थोडी चुकली, की धूमकेतूची कक्षेवरची जागा चुकते. शिवाय पृथ्वीही तेवढ्या दिवसांत दुसरीकडे गेलेली असते, त्यामुळे आकाशातली दिशा पार बदलते. नाताळच्या रात्री, २५ डिसेंबर १७५८ रोजी, ड्रेस्डेनजवळच्या योहान पालिच या शेतकऱ्याला तो सापडला. पालिच शेती सांभाळून स्वतःच्या अभ्यासावर खगोल शिकलेला होता. मेसिएला तो २१ जानेवारीला दिसला, नकाशातल्या पट्ट्याच्या बाहेर. डेलिल यांनी ही बातमी एप्रिलपर्यंत बाहेर जाऊ दिली नाही.

धूमकेतू १३ मार्च १७५९ रोजी उपसूर्य बिंदूवरून गेला. भाकितापेक्षा सुमारे एक महिना आधी. क्लेरोने दिलेल्या मर्यादेच्या काठावरचा हा फरक होता, आणि त्याची कारणे पुढे एकेक करून उलगडत गेली. ग्रहांची वस्तुमाने तेव्हा नीट माहीत नव्हती. युरेनस १७८१ मध्ये सापडला आणि नेपच्यून १८४६ मध्ये, म्हणजे हे दोघे क्लेरोच्या गणितात असणेच शक्य नव्हते. सोडून दिलेल्या पदांचाही वाटा होता.

१८३५च्या खेपेला फ्रान्स आणि जर्मनीतल्या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे तारखा काढल्या. पोंतेकूलां याची तारीख खऱ्या तारखेपासून, म्हणजे १६ नोव्हेंबरपासून, तीन-चार दिवसांवर आली. महिन्याचा फरक एवढा खाली आल्यावर उरलेले दिवसही असेच आकडेमोडीच्या खाती घालायचा मोह साहजिक होता. त्याच वेळी क्योनिग्सबर्गला फ्रीड्रिख बेसेल दुर्बिणीतून धूमकेतूच्या डोक्याकडे रोज पाहत होता. तिथून सूर्याच्या बाजूला पंख्यासारखा झोत बाहेर पडताना त्याला दिसला. झोत एका बाजूला सुटतो तर धूमकेतूला उलट बाजूला धक्का बसणार आणि त्याचा फेरा बदलणार, असे त्याने मांडले. त्याचे म्हणणे तेव्हा फारसे कुणी उचलून धरले नाही.

त्याला कारण होते एन्केच्या धूमकेतूचे. योहान एन्केने १८१९ मध्ये दाखवले की हा धूमकेतू अवघ्या ३.३ वर्षांत सूर्याभोवती फिरतो. तो दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर येतो, हेही गणितातून निघाले. अवकाशात काहीतरी विरळ माध्यम असून ते धूमकेतूला अडवते आणि कक्षा आवळत जाते, असा एन्केने अर्थ लावला. माध्यमाची ही कल्पना बराच काळ टिकली. पण ती खरी असती तर प्रत्येक धूमकेतू लवकर यायला हवा होता, आणि काही उशिरा येत होते.

१९१०ची तयारी ग्रिनिचला फिलिप कॉवेल आणि अँड्र्यू क्रॉमेलिन यांनी केली. त्यांनी जुनी पद्धत सोडली. सूत्रांतली पदे एकामागून एक जोडत बसण्याऐवजी धूमकेतूवरचे सारे बल छोट्या छोट्या कालखंडांनी थेट बेरजेत घेत त्याला १७५९पासून १९१०पर्यंत कक्षेवरून चालवत आणले. आज संगणक ज्या पद्धतीने कक्षा काढतात, तिचे मूळ इथे आहे. फरक एवढाच की इथे प्रत्येक पायरी माणसाने कागदावर टाकली होती.

शोधायची रीतही बदलली होती. आता डोळ्याऐवजी फोटोची काच असे. हायडेलबर्गला माक्स वोल्फने सप्टेंबर १९०९ मध्ये गणिताने दिलेल्या जागेवर दुर्बीण रोखून तासभर काच उघडी ठेवली. ११ सप्टेंबरच्या रात्रीच्या काचेवर अपेक्षित जागेजवळ पुसट डाग उमटला होता. धूमकेतू नक्की कुठे होता हे कळल्यावर इतर वेधशाळांनीही आपल्या आधीच्या काचा काढून पाहिल्या, आणि ग्रिनिचच्या व इजिप्तमधल्या हेलवानच्या काचांवर तो त्याही आधी उमटलेला निघाला. घेतलेली काच टाकून द्यायची नाही, हा या कामातला पक्का नियम अशाच प्रसंगांनी झाला. त्या काळातल्या निरीक्षकाचा बराच वेळ भिंगाखाली काचा न्याहाळण्यात जाई. १९४९ मध्ये हार्वर्डला शिकत असलेल्या वेणू बाप्पू यांना नवा धूमकेतू सापडला तोही अशाच काचेवर. बार्ट बॉक आणि गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह तो तिघांच्या नावाने ओळखला जातो.

मे १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मधून गेला. सूर्यबिंबावर त्याचा काळा ठिपका दिसतो का हे पाहायला फर्डिनांड एलरमन हवाई बेटांवर गेला. काहीच दिसले नाही. न दिसणे हाही वेध होता. एवढ्या लांबलचक शेपटीच्या मुळाशी असलेला घन भाग फार लहान आहे, हे त्यातून ठरले.

कॉवेल आणि क्रॉमेलिन यांची तारीख सुमारे तीन दिवसांनी चुकली. धूमकेतू २० एप्रिल १९१० रोजी, त्यांच्या अपेक्षेपेक्षा उशिरा, उपसूर्य बिंदूवर आला. दोघांनी आपले गणित पुन्हा तपासले आणि निष्कर्ष काढला की यांतले निदान दोन दिवस आकडेमोडीच्या किंवा ग्रहांच्या स्थानांच्या चुकीने समजावता येणार नाहीत; गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे काहीतरी धूमकेतूवर काम करते आहे. असे म्हणायला आपल्या कामाची पुरी खात्री लागते. क्लेरोला ते म्हणता आले नसते, कारण त्याच्या महिन्याभराच्या फरकात हे दोन दिवस दिसलेच नसते.

उत्तर १९५० मध्ये फ्रेड व्हिपलने दिले. धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळ मिसळलेल्या बर्फाचा फिरता गोळा आहे. ऊन लागले की बर्फाची वाफ होते आणि झोताने बाहेर पडते. गाभा स्वतःभोवती फिरत असल्यामुळे सर्वांत तापलेला भाग सूर्याच्या नेमका समोर राहत नाही, थोडा पुढे सरकतो, जशी आपल्याकडे दिवसाची खरी उष्णता माध्यान्हीनंतर जाणवते. म्हणून झोताचा धक्का सूर्यापासून सरळ दूर न बसता थोडा तिरका बसतो. गाभा कोणत्या बाजूला फिरतो यावर त्या धक्क्याने चाल वाढते की मंदावते हे ठरते. एन्केचा धूमकेतू लवकर का येतो आणि हॅलेचा दर फेरीला सुमारे चार दिवस उशिरा का येतो, दोन्हींचा उलगडा एकाच कारणाने झाला. बेसेलने एकशे चौदा वर्षांपूर्वी मांडलेले अखेर खरे ठरले.

यानंतर हा धक्का गणितात घेणे आले. ब्रायन मार्सडेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी प्रत्येक धूमकेतूला मोजक्या संख्या लावण्याची पद्धत बसवली, आणि त्या संख्या जुन्या वेधांवरूनच काढल्या जातात. हॅलेच्या बाबतीत जुने वेध दोन हजार वर्षांहून मागे जातात. चीनमधली नोंद इसवी सनपूर्व २४०ची आहे. डोनाल्ड योमन्स आणि ताओ कियांग यांनी १९८१ मध्ये त्याची कक्षा इसवी सनपूर्व १४०४पर्यंत मागे नेली. वाटेत ८३७ हे साल आडवे येते. त्या वर्षी धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे ५० लाख किलोमीटरवरून गेला, आणि एवढ्या जवळून जाताना पृथ्वीने दिलेल्या झटक्यामुळे त्याआधीच्या गणितात बारीकशी चूकही भयंकर वाढते. ही अडचण चिनी खगोलवेत्त्यांनी त्या काळी लिहून ठेवलेल्या स्थानांनी दूर केली. राजदरबारात शकुन पाहण्यासाठी केलेली नोंद अकराशे वर्षांनी कक्षेच्या गणिताला आधार झाली, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही. पुढे बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर इसवी सनपूर्व १६४ आणि ८७च्या खेपांच्या नोंदी ओळखल्या गेल्या, त्याही या गणिताशी जुळल्या.

१६ ऑक्टोबर १९८२ रोजी पॅलोमारच्या २०० इंची दुर्बिणीवर डेव्हिड जुइट आणि एडवर्ड डॅनिएलसन यांना धूमकेतू सापडला. फोटोच्या काचेची जागा आता इलेक्ट्रॉनिक चकतीने घेतली होती. धूमकेतू तेव्हा शनीच्या कक्षेपलीकडे होता आणि त्याची दृश्यप्रत सुमारे २४.२ होती, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अगदी मंद ताऱ्याच्याही कोट्यवधी पट अंधूक. इतका मंद ठिपका एका चित्रावरून कुणी खरा मानत नाही. तो चित्रामागून चित्रात गणिताने सांगितलेल्या दिशेने आणि वेगाने सरकतो का, हे पाहिले जाते. योमन्सने सांगितलेल्या जागेपासून तो सुमारे आठ विकला (विकला हे कोनाचे अगदी बारीक माप) दूर निघाला. तेवढ्या अंतरावर आठ विकला म्हणजे ६० ते ६५ हजार किलोमीटर. एवढी चूक पुढच्या वेधांनी लवकरच भरून निघाली, आणि ९ फेब्रुवारी १९८६ची उपसूर्य बिंदूची वेळ काही तासांच्या आत जुळली.

वेध घेणाऱ्यांपुढे यापेक्षा बिकट अडचण धूमकेतू जवळ येऊ लागल्यावर उभी राहते. तारा टोकदार ठिपका असतो, त्याचा मध्य काढणे सोपे असते. धूमकेतूचा गाभा वायू आणि धुळीच्या आवरणात दडलेला असतो, आणि मोजला जातो तो त्या आवरणाचा सर्वांत उजळ बिंदू. झोत सूर्याच्या बाजूला अधिक असल्यामुळे तो बिंदू गाभ्यावरून तिकडे सरकलेला असू शकतो. म्हणून अनुभवी निरीक्षक मोठ्या दुर्बिणीने, कमी वेळाचे चित्र घेऊन, उजेडाच्या अगदी आतल्या भागाचा मध्य धरतो. दूरच्या मंद धूमकेतूसाठी दुर्बीण धूमकेतूच्या चालीने फिरवावी लागते. तेव्हा ठिपका एकाच जागी साचत जातो आणि ताऱ्यांच्या रेघा उमटतात. मग त्या रेघांचे मध्य मोजून त्यांच्याशी ठिपक्याची तुलना करायची. वेळेची नोंदही तितकीच नेमकी हवी. झपाट्याने सरकणाऱ्या धूमकेतूच्या बाबतीत काही सेकंदांची चूक स्थानात विकलांच्या चुकीइतकी पडते.

गाभा नक्की कुठे आहे, हा प्रश्न १४ मार्च १९८६ रोजी जीवनमरणाचा झाला. युरोपचे ‘जॉटो’ यान त्याच्याजवळून सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने जाणार होते. पृथ्वीवरून घेतलेल्या वेधांनी गाभ्याची जागा यानाला हवी तितकी नेमकी कळत नव्हती. मग सोव्हिएत संघाच्या ‘व्हेगा’ यानांनी ६ आणि ९ मार्चला जवळून टिपलेल्या गाभ्याच्या चित्रांचा उपयोग केला गेला. अमेरिकेच्या अँटेनांनी त्या यानांची स्वतःची जागा मोजून दिली, आणि अनिश्चितता सुमारे ४० किलोमीटरवर आली. शीतयुद्धाच्या काळातले हे सहकार्य होते. जॉटो गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले आणि त्याने पाहिले ते व्हिपलच्या वर्णनाशी जुळणारे होते: सुमारे १५ किलोमीटर लांब, कोळशासारखा काळा गाभा आणि त्याच्या उन्हातल्या बाजूने सुटणारे झोत. एप्रिलमध्ये धूमकेतू दक्षिण आकाशात इतका खाली गेला की युरोपच्या बऱ्याच भागातून दिसेनासा झाला. महाराष्ट्राच्या अक्षांशावरून मात्र तो दक्षिण क्षितिजावर २५ अंशांच्या आसपास चढत होता.

आता नवे धूमकेतू बहुतांशी स्वयंचलित सर्वेक्षणांत सापडतात. पॅलोमारचेच ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ हे सर्वेक्षण त्यांपैकी एक, आणि त्याच्या उभारणीत मूळचे कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. २०२३च्या आरंभी भारतातून पाहिला गेलेला हिरवट धूमकेतू याच सर्वेक्षणात २ मार्च २०२२ रोजी सापडला होता. जुनी चित्रे पुन्हा चाळण्याचे १९०९चे काम आता संगणक करतो. १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या ‘अ‍ॅटलस’ दुर्बिणीला सापडलेला धूमकेतू आधीच्या जूनमधल्या चित्रांतही निघाला, आणि त्यामुळे त्याची कक्षा अपास्त, म्हणजे न मिटणारी, असून तो सूर्यमालेबाहेरून आला आहे हे चटकन पक्के झाले.

हॅलेचा धूमकेतू डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकाशी, सूर्यापासून पृथ्वीच्या ३५ पट अंतरावर पोहोचून परत फिरला आहे. पुढचा उपसूर्य बिंदू २८ जुलै २०६१ रोजी येतो. या तारखेच्या गणितात झोतांचा धक्का मागच्या फेऱ्यांसारखाच राहील असे गृहीत धरले आहे, आणि त्यात बदल झाला का हे धूमकेतू सूर्याजवळ येऊन बर्फ तापू लागल्यावरच मोजता येईल. त्याची जागा मात्र तोवर सुटणार नाही. मार्च २००३ मध्ये चिलीतल्या पारानालच्या मोठ्या दुर्बिणींनी सुमारे नऊ तासांचे प्रकाशन एकत्र करून २८व्या दृश्यप्रतीचा हा ठिपका टिपला होता, आणि तेव्हा तो नेपच्यूनच्या कक्षेच्या जवळ पोहोचला होता. तशा दुर्बिणींच्या टप्प्यात तो कक्षेच्या टोकाशीही राहतो. त्यामुळे १७५८, १८३५, १९०९ आणि १९८२ साली जसा तो नव्याने हुडकून काढावा लागला, तसे या खेपेला करावे लागणार नाही.